लिंबाजीची अर्धली

हे मी परवापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि मी तशी पोटात काही न राहणारी बाई आहे, हे आमच्या ग्रंथालयातलं कुणीही सांगेल. घरी भाजी खारट झाली तरी दुपारच्या डब्यापर्यंत ती बातमी सगळ्यांना कळलेली असते. मग हे एकच कसं काय राहिलं माझ्या पोटात? सांगते. पण सरळ रेषेत सांगता येणार नाही मला, हे आधीच कबूल करते. जिथं आनंदाचं आहे तिथं मी रेंगाळणार. कारण खरं बोलायचं तर त्या सगळ्यात आनंद फार होता हो! आजही आठवलं की हसू फुटतं. माझी अडचण नेमकी तीच आहे.

अंबाजोगाईच्या बाहेर, घाटनांदूरकडं जाणाऱ्या रस्त्याला, आमच्या विद्यापीठाचं छोटंसं उपकेंद्र आहे. तिथल्या ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल. मुख्य ग्रंथपालाची जागा मी लागल्यापासून रिकामीच आहे, त्यामुळं सही माझी, किल्ली माझी आणि बोलणीही मलाच. माझ्या हाताखाली लिंबाजी — परिचर. पुस्तकं काढून देणं, परत जागेवर लावणं, झाडझूड, दार उघडणं, सगळं तोच.

लिंबाजी कसा होता, हे तुम्हाला कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. तुमच्या डोळ्यांपुढं गरीब, खाली मान घालून काम करणारा शिपाई येत असेल तर तो पुसून टाका. लिंबाजी एक नंबरचा बढाईखोर! आवाज असा की वाचनकक्षात ‘शांतता राखा’ची पाटी त्याच्यासाठीच लावलीय असं पोरं म्हणायची. उपकेंद्राच्या बोअरला पाणी लागलं ते त्यानं बोट दाखवलं म्हणून. बस आमच्या फाटकाशी थांबायला लागली ती त्यानं डेपोत जाऊन दम दिला म्हणून. आणि धर्मापुरीचं ते जुनं देऊळ — तिकडचाच तो, मेंढरं-शेरडं राखणाऱ्या घरातला — त्या देवळाचे दगड म्हणे त्याच्या पणज्यानं वाहिले!

“लिंबाजी, देऊळ कवाचं हाय? तुझा पणजा किती शतकं जगला बे?” आमचे क्लार्क विचारायचे.

“लई जगला साहेब,” लिंबाजी म्हणायचा. “दूध शेळीचं व्हतं ना!”

आणि सगळे हसायचे. मीही. त्याचं खरं किती आणि खोटं किती, हे कुणी तपासत नव्हतं. तो बोलायचा, आम्ही हसायचो, दिवस बरा जायचा.

आता ते आनंदाचं. आमच्याकडं दिवाळी सरली की निम्मा वाचनकक्ष ओस पडतो. पोरं-पोरी आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात — कुणी कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. मग थेट उन्हाळ्याच्या तोंडाला, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात, आणि परीक्षा तर पुढ्यात उभी! आमचं पुस्तक मिळायचं सात दिवसांपुरतं. सात दिवसांत तर त्यांची पहिली कोपी, पाचटाची झोपडी, उभी राहायची, उसाच्या फडाशेजारी. तर एका वर्षी एक पोरगी आपलं ग्रंथालयाचं कार्ड परत करायला आली. म्हणाली, चार महिने वापरणार नाही, उगाच माझ्या नावावर कशाला? मी कार्ड घेतलंही. नियमच तो.

लिंबाजी मागून ओरडला, “म्याडम, थांबा! त्ये कार्ड परत घेऊ नका!”

मग त्यानं काउंटरवर दोन्ही हात टेकून मला जे सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं. “म्याडम, शेरडं अर्धलीनं देतेत का न्हाई? ज्याची शेळी त्यो देतो, दुसरा राखतो. करडं झाली की निम्मी-निम्मी. शेळी मालकाची मालकाला. तसं पुस्तक द्यायचं! घेऊन जा म्हणावं फडावर, पट्टा पडस्तोवर ठिव. पर येताना एकलं पुस्तक आणायचं न्हाई — त्याचं पिल्लू आणायचं संगं.”

“पुस्तकाचं पिल्लू?”

“वाचणारं! तिथं कोपीवर कुणाला तरी वाचून दावायचं, गोडी लावायची, अन् त्येला हितं काउंटरला आणून उभं करायचं. मंग त्येचं कार्ड काढू. माझ्या आईनं दुसऱ्याच्या शेरडावर सोताचा कळप केलाय म्याडम. असंच!”

मी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, लिंबाजी, चिखलात जातील पुस्तकं, उंदीर खातील, भरून कोण देणार? मी घाबरट, अगदी कागदी घाबरट. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी पेटलं, आणि लिंबाजी माझ्या मागं हात धुऊन लागला. शेवटी मी सही केली. खताच्या गोण्यांच्या आतलं जाड प्लास्टिक असतं ना, ते धुऊन त्याची कव्हरं मी घरी मशीनवर शिवली. एवढं माझं. हे मी मुद्दाम सांगतेय, नंतर लागेल.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाला — अहो, काय सांगू तुम्हाला! ऊस तोडून परतणाऱ्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या आणि एका सकाळी ती पोरगी दारात उभी. हातात पुस्तक, कव्हरावर काळी काजळी, आत पान न् पान शाबूत. आणि मागं तिची वहिनी! कडेवर लेकरू, डोक्यावर पदर, ग्रंथालयाचा उंबरा ओलांडावा का नाही अशी घुटमळत. लिंबाजीनं अख्खा वाचनकक्ष हादरवला:

“आलं! पिल्लू आलं!”

पोरं बाकांवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. वहिनी लाजून लाल. मला रडू आलं, खरंच आलं. त्यानंतर रोज कुणी ना कुणी येत राहिलं. कुणाचा चुलत भाऊ, कुणाची आई — जिला अजून सही येत नव्हती पण जिनं अख्खी गोष्ट ऐकून पाठ केली होती. एकदा तर एक ट्रॅक्टरवालाच आला, पुढचे दात नसलेला, म्हणाला, “म्या बी पिल्लूच हाय बाई, कार्ड करा!” लिंबाजी प्रत्येकाला असाच ओरडून आत घ्यायचा. मी त्याला गप्प राहा म्हणायचे आणि रोज दाराकडं डोळे लावून बसायचे. आयुष्यात नोकरीला जायची इतकी घाई मला कधीच झाली नव्हती. काही पुस्तकं नाही आली परत. पण जी आली ती एकटी आली नाहीत.

ही बातमी विद्यापीठात पोचली. तिथं दरवर्षी ग्रंथालय कर्मचाऱ्यांना उत्कृष्ट सेवेचा पुरस्कार देतात — एका ग्रंथालयातून एकाचंच नाव. आमच्या उपकेंद्राला तो कधीच मिळाला नव्हता. समिती पाहणीला येणार असं कळलं आणि मी काउंटरजवळ सगळ्यांदेखत म्हणाले, “लिंबाजी, यंदा तुझं नाव. नक्की!”

तो खरंच पुरस्कारासाठी वेडा झाला. लपवायचं त्याला माहीतच नव्हतं. फेटा गुलाबीच पाहिजे, भगवा नको, माझ्या रंगाला जात नाही, असं क्लार्कला सांगून ठेवलं. गावाकडं जाऊन सांगितलं, सासुरवाडीत सांगितलं, फाटकासमोरच्या चहावाल्याला सांगितलं. चौकात फ्लेक्स लावायचा म्हणून फोटो काढून घेतला — काळा गॉगल लावून! आम्ही हसून हसून बेजार. कुणाला इतकं मनापासून काही हवं असलेलं बघणं म्हणजे एक मजाच असते.

आणि मला? मला हवं होतं का?

इथं मी अडखळते. बघा, इतका वेळ कशी भडाभडा बोलत होते. मला वाटतं, मलाही हवं होतं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं, असं म्हणायची फार इच्छा होतेय. पण माहीत होतं. समिती येणार त्या सकाळी मी ठेवणीतली साडी नेसले. ती कशासाठी नेसले?

समिती आली. अध्यक्ष एक वयस्कर, हसतमुख प्राध्यापक, ग्रंथालयशास्त्रातले मोठे जाणकार. लिंबाजी नव्या शर्टात, त्यांच्यापुढं चालत, कपाटं दाखवत होता आणि तोंड सुरूच. बोअरचं सांगून झालं, बसचं सांगून झालं. सर ‘तुम्ही कुठले?’ विचारतात तोवर धर्मापुरीचं देऊळ आणि पणजासुद्धा झाला. सरांना मजा वाटत होती. मी मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, गप्प बस रे, गप्प बस लिंबाजी. मग आम्ही काउंटरला आलो. सरांनी एक काजळी धरलेलं कव्हर हातात घेतलं, उलटसुलट केलं. एकदम गंभीर झाले. म्हणाले, मी इतकी वर्षं या क्षेत्रात आहे, असं काही पाहिलं नाही. ही कल्पना कुणाची?

“माझी साहेब!” लिंबाजी म्हणाला. “शंभर टक्के माझी!”

सर हसले. सगळी समितीच हसली. “आणि देऊळही तुमच्याच पणजोबांचं!” ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. हसू अजून ओठांवर होतं, पण डोळे खरं विचारत होते. “मॅडम, खरं काय ते तुम्ही सांगा.”

एक शब्द पुरला असता. ‘त्याचीच.’ फार तर मान हलवली असती तरी चाललं असतं. लिंबाजी माझ्याकडं बघत होता — निर्धास्त, दात काढून. माझ्यावर त्याचा पुरता भरवसा होता.

मी म्हणाले, “सर, लिंबाजी आमचा लई गमत्या माणूस आहे.”

आणि हसले.

हेच ते. एवढंच. खोटं म्हणावं तर त्यात एक अक्षर खोटं नाही. मी ‘माझी कल्पना’ असं म्हणाले नाही. तो गमत्या होताच. पण ते वाक्य काय करणार आहे हे तोंडातून निघायच्या आधी मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी ते निवडलं. सगळे हसले. सर मला म्हणाले, तुमचा विनय दिसतोच आहे. आणि लिंबाजी — तो सगळ्यांत शेवटी हसला. काय झालं ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग तोही हसला, कारण साहेब हसत होते.

पुरस्कार मला जाहीर झाला. आता मी तुम्हाला सांगायला हवं की त्या दिवशी मला घास गोड लागला नाही. पण तसं नव्हतं हो! मी हरखून गेले होते! चौकात माझा फ्लेक्स लागला, माझ्या डोक्याएवढ्या अक्षरांत माझं नाव. माहेरून, सिरसाळ्याहून, भाऊ गाडी भरून माणसं घेऊन आला. सभागृहात माझ्या डोक्यावर फेटा बांधला — बाईच्या डोक्यावर फेटा! — शाल घातली, नारळ दिला. टाळ्या थांबेनात. ज्या सासूबाईंनी माझ्या नोकरीला जन्मभर नाकं मुरडली त्यांनी सगळ्यांसमोर माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी तरंगत होते. मग फोटोसाठी हात मोकळे हवेत म्हणून मी मंचावरून वाकून शाल आणि नारळ खाली उभ्या माणसाकडं दिला, सवयीनं, न बघता — “धर रे जरा.” तो लिंबाजी होता. त्यानं धरलं. कार्यक्रम संपेपर्यंत छातीशी धरून उभा होता.

फेटा गुलाबी होता.

मनाची समजूत घालायला मला वेळ लागला नाही. निम्मं माझंच की! सही माझी, जोखीम माझी, कव्हरं मी शिवली. अर्धलीत राखणाऱ्याचं निम्मं असतंच. पण राखणाऱ्याला मिळतात करडं. शेळी मालकाचीच राहते, हे तर मलाही माहीत होतं. आमच्या घरच्या शेळ्या लिंबाजीसारख्यांच्याच दारात बांधलेल्या असायच्या, आणि एक शेळी कुणी आपली म्हणून सांगितली असती तर माझ्या वडलांनी काय केलं असतं तेही माहीत होतं.

आणि मी तिथंच थांबले का? नाही. मला ठिकठिकाणी भाषणांना बोलवायला लागले. लोक विचारायचे, हे सुचलं कसं? पहिल्यांदा मी पुटपुटले. दुसऱ्यांदा म्हणाले, असंच एकदा मनात आलं. मग मी एक गोष्ट रचली — लहानपणी सिरसाळ्याला आमच्या अंगणात आजोबा शेळी अर्धलीनं देत होते, मी खांबाला धरून बघत होते, वगैरे. लोक डोळे पुसायचे. सांगता सांगता माझेही भरून यायचे. एका भाषणाला लिंबाजी माझ्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन बरोबर आला होता. मागच्या रांगेत बसून त्यानं ती सगळी ऐकली. परतताना गाडीत एवढंच म्हणाला, “चांगलं बोललात म्याडम.” टोमणा असता तर मी सुटले असते. टोमणा नव्हता.

त्या वर्षापासून लिंबाजीनं बढाया मारणं सोडलं. एकदम नाही. पाणी आटतं तसं हळूहळू. पणज्याचं देऊळ गेलं, बस गेली, बोअर गेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला लोक येतच होते, पण तो ओरडायचा थांबला. कार्डाचा कागद पुढं करायचा आणि म्हणायचा, हितं नाव लिहा. नवी पोरं म्हणाली, आपल्या लायब्ररीत काय शांतता असते! आणि मी ते कौतुक म्हणून ऐकून घेतलं.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण — लिंबाजी यंदा निवृत्त होतोय. परवा संचालकांनी आम्हा दोघांना वर केबिनमध्ये बोलावलं. नवे आहेत, मनानं चांगले. म्हणाले, जाता जाता लिंबाजींचं नाव पुरस्काराला पाठवावं म्हणतो. लिंबाजी, तुम्ही विशेष असं काय केलंत, जरा सांगा.

जो माणूस बोअरचं पाणीसुद्धा आपल्या नावावर घ्यायचा, तो म्हणाला, “काय न्हाई साहेब. म्याडमनी सांगितलं त्ये केलं.”

आणि मी बोलले! अहो, शेवटी बोलले! सर, ती पुस्तकांची अर्धली माझी नाही. ती याची आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत याची. मी खोटं बोलले. इतकी वर्षं मनावर असलेला धोंडा उचलून टेबलावर ठेवला, आणि काय हलकं वाटलं म्हणून सांगू! नाचावंसं वाटलं मला.

संचालक खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, “मॅडम, निवृत्त होणाऱ्या शिपायासाठी आपलं श्रेय देऊन टाकणारी माणसं आता राहिली नाहीत. तुमच्याबद्दल ऐकलं होतं, आज पाहिलं.” मी नाही नाही म्हणत राहिले. जितकं नाही म्हणाले तितकी मोठी होत गेले. त्यांनी लिंबाजीला विचारलं तर त्यानंही मान खाली घातली.

जिन्यात मी त्याला गाठलं. म्हटलं, लिंबाजी, तू का बोलला नाहीस? आता तरी बोलायचं होतंस! तू बोलला असतास तर मानलं असतं त्यांनी.

तो कठड्याला धरून थांबला. चिडला नव्हता. मला समजावून सांगत होता.

“कावून बोलू म्याडम? तवा मी घरी लई तोंड वर करून सांगितलं व्हतं, माझंच हाय म्हणून. मंग तुमचं नाव आलं. बायको म्हनली, तुम्ही बाता मारल्या. म्या म्हनलं, हां, मारल्या. काय सांगू दुसरं? आता नात हाय माझी, हितंच शिकाय आलीय, तुमाला लई मानती. तिला म्या लहानपनापासून सांगितलंय, ही आयडिया म्याडमची, बाई असावी तर अशी. आता फिरवलं तर पोरगी म्हनल, आजा लबाड हाय.”

मग तो खाली गेला. वाचनकक्षाचं दार उघडायची वेळ झाली होती.

त्याची नात पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. उंच, सावळी, डोळे थेट लिंबाजीचे. रोज सकाळी पहिल्यांदा तीच येते आणि बसण्याआधी काउंटरशी येऊन मला वाकून नमस्कार करते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवते. आज सकाळीही ठेवला.